सकाळच्या वाटीतले धान्य: खोक्यातले सीरिअल, ओट्स की ज्वारीच्या कण्या?

कऱ्हाडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याची शाळेची गाडी सकाळी पावणेसातला दारात येते. इतक्या लवकर त्याच्या घशाखाली चॉकलेटच्या चवीचे सीरिअल आणि दूध याशिवाय काही उतरत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की, आमची मुले दूध-भाकरीवर वाढली, तेव्हा हे पुठ्ठ्याच्या खोक्यातले खाणे बंद करा. यजमान मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते रोज मसाला ओट्स खाऊ लागले आहेत. सकाळी सीरिअल खाणे आरोग्याला हितकारक असते असे सगळीकडे वाचायला मिळते. ते खरे आहे का, आणि आमच्या घरात कोणाचे बरोबर आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून एकदा तरी येतो. माझे उत्तर असे आहे की, सकाळी धान्य खाण्याचा फायदा खरा आहे, परंतु तो खोक्याचा किंवा नावाचा फायदा नाही. त्या धान्याचा कोंडा आणि अंकुर वाटीपर्यंत पोहोचतो का, त्याच्यात साखर किती मिसळली आहे आणि त्याच्या जोडीला काय खाल्ले जाते, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. या कसोटीवर सासूबाई बऱ्याच अंशी बरोबर आहेत, परंतु पूर्णपणे नाहीत, आणि मुलाच्या वाटीतही एक-दोन चांगल्या गोष्टी आहेत.

सीरिअल या शब्दाचा अर्थ मुळात तृणधान्य एवढाच आहे. त्या अर्थाने जोंधळा, बाजरी, गहू, नाचणी आणि तांदूळ ही सर्व सीरिअलच होत. दुधात टाकून लगेच खाण्याचे कुरकुरीत सीरिअल हे त्याचे एक रूप असून त्याचा जन्म रुग्णांच्या आहारातून झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे धाकटे बंधू विल कीथ केलॉग यांनी १८९४ मध्ये शिजवलेला गहू लाटून व भाजून त्याचे पापुद्रे तयार केले. पुढे १९०६ मध्ये धाकट्या बंधूंनी मक्याच्या पापुद्र्यांची कंपनी काढली, आणि त्यात साखर घालण्यावरून दोघा भावांत मतभेद झाले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे डॉ. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर आपल्या रुग्णांना म्यूस्ली देत असत. तिच्यात किसलेले सफरचंद भरपूर आणि भिजवलेले ओट्स अगदी थोडे असत. आज म्यूस्लीच्या नावाने मिळणाऱ्या पाकवलेल्या मिश्रणात हे प्रमाण उलटे झालेले दिसते. आरोग्यासाठी निघालेल्या या पदार्थाची पुढे मिठाई कशी झाली, हे समजण्यासाठी दाण्याच्या आत डोकवावे लागते.

धान्याच्या दाण्याला तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा, ज्यात तंतू म्हणजे फायबर आणि बरीच खनिजे असतात. एका टोकाला अंकुर, ज्यात स्निग्धांश आणि ब व ई जीवनसत्त्वे असतात. आणि मधला मोठा पिठूळ भाग, जो प्रामुख्याने पिष्ट म्हणजे स्टार्च असतो. आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे की बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, म्हणून बाजरी थोडी थोडी दळून आणावी लागते. तो कडवटपणा दाण्यातील, विशेषतः अंकुरातील, स्निग्धांश खवट झाल्यामुळे येतो. जो पदार्थ कारखान्यातून निघून दुकानाच्या फळीवर सहा-आठ महिने टिकायचा आहे, त्याला हे परवडत नाही. म्हणून मक्याचे साल आणि अंकुर काढून उरलेल्या पिठूळ भागाचे तुकडे साखर, मीठ व माल्ट घालून शिजवतात, रुळांखाली चपटे करतात आणि भाजतात. कॉर्नफ्लेक्स हलके आणि कुरकुरीत लागतात ते यामुळेच, आणि त्यांच्यात तंतू नसल्यात जमा असतो तोही यामुळेच.

आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. बाजरीत तंतू ११ ग्रॅमच्या पुढे आणि लोह ६ मिलिग्रॅमच्या वर असते. नाचणीत प्रथिने ७ ग्रॅमच्या आसपास असली तरी कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या घरात असते. साध्या कॉर्नफ्लेक्सच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने ७-८ ग्रॅम आणि तंतू जेमतेम ३ ग्रॅम मिळतात, आणि चॉकलेटच्या किंवा मधाच्या चवीच्या अनेक प्रकारांत १०० ग्रॅममागे २५ ते ३५ ग्रॅम साखर असते. याचा अर्थ असा की, मूल जे धान्य म्हणून खाते, त्याचा पाव ते तिसरा हिस्सा साखर असतो.

माझ्या टेबलावर एक छोटा वजनकाटा असतो, आणि असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी घरची नेहमीची वाटी आणि खोके घेऊन यायला सांगते. गेल्या महिन्यात विट्याहून आलेल्या एका आईने मुलाच्या स्टीलच्या वाटीत रोजच्या सवयीने सीरिअल ओतले. वाटी काठोकाठही भरली नव्हती, पण काट्यावर आकडा आला ५८ ग्रॅम. खोक्यावर एका वेळचे माप ३० ग्रॅम लिहिलेले होते. आम्ही दोघींनी मिळून तीस ग्रॅम मोजून घेतले, तेव्हा वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला, आणि त्या माउली बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या खोक्यावरील तक्त्यानुसार ५८ ग्रॅममध्ये सुमारे १७ ग्रॅम साखर होती. म्हणजे जवळजवळ चार लहान चमचे, आणि दुधात वरून घातलेली साखर निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून मिसळलेल्या साखरेची ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत असावी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही पाच टक्क्यांची मर्यादा साधारण वीस ग्रॅम येते. ती मर्यादा शाळेची गाडी येण्यापूर्वीच संपत आलेली असते.

आता संशोधनाविषयी. सीरिअल खाणाऱ्यांचे वजन आटोक्यात असते आणि त्यांना जीवनसत्त्वे अधिक मिळतात, असे सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बरेच निरीक्षणात्मक आहेत. जो माणूस रोज सकाळी वेळेवर बसून खातो, तो बहुधा वेळेवर झोपतो, चालतो आणि तंबाखू टाळतो. त्यामुळे श्रेय नेमके कशाचे, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१९ साली न्याहारीवरील १३ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात न्याहारी केल्याने वजन घटते असे आढळले नाही. उलट न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात थोडी अधिक ऊर्जा गेली होती. म्हणून केवळ वजन उतरवण्यासाठी कोणी सीरिअल सुरू करत असेल, तर मी त्यांना तसे करू नका असे स्पष्ट सांगते. पूर्ण धान्य आणि तंतू यांच्या बाजूचा पुरावा मात्र कितीतरी भक्कम आहे. त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात, दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण, अगदी कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत, १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. ज्वारीच्या दोन भाकरी आणि एक वाटी उसळ एवढ्यातच या आकड्याचा निम्म्याच्या आसपास भाग भरून निघतो.

तरीही खोक्यातल्या सीरिअलला मी सरसकट वाईट म्हणत नाही, आणि याची कारणे सासूबाईंनीही ऐकावीत अशी माझी इच्छा आहे. पहिले कारण दूध. अनेक मुले एरवी दूध पीत नाहीत, पण सीरिअलबरोबर २०० मिलिलिटर दूध आपसूक जाते. त्यातून सहा-सात ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने आणि दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दुसरे कारण असे की, बहुतेक कंपन्या त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ वरून मिसळतात. ब-१२ कोणत्याही धान्यात मुळात नसते, आणि शाकाहारी घरांमध्ये त्याची कमतरता मी रोज पाहते. लोहाचेही तसेच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या आहेत. तिसरे कारण तुलनेचे. आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत लाखो घरांची सकाळ चहा-चपातीवर, आणि अलीकडे चहा-खारी किंवा चहा-बटरवर होते. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. त्या खारीपेक्षा बिनसाखरेच्या फ्लेक्सची मोजकी वाटी आणि दूध निश्चितच सरस आहे.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो सांगणे मला कर्तव्य वाटते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी रुग्णांना एक छापील तक्ता देत असे, आणि त्यात न्याहारीसाठी 'कॉर्नफ्लेक्स व साय काढलेले दूध' असे लिहिलेले होते. जत तालुक्यातील एक वयस्क शेतकरी, जे जन्मभर सकाळी जोंधळ्याची भाकरी आणि मटकीची उसळ खात आले होते, त्यांनी माझ्या शब्दावर भाकरी सोडली आणि तालुक्याच्या गावाहून खोके आणून ते पथ्य म्हणून खाऊ लागले. महिन्याभराने त्यांची न्याहारीनंतरची साखर पूर्वीपेक्षा वाढलेली निघाली. औषध तेच होते, शेतातले चालणेही तेच होते. त्यांना पुन्हा भाकरी-उसळीवर आणल्यावर ती खाली आली. तो तक्ता मी त्याच आठवड्यात बदलला. कारण पाठ्यपुस्तकात होतेच. टोरंटोचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकावर, म्हणजे कोणते अन्न रक्तातील साखर किती झपाट्याने चढवते याच्या मापावर, ग्लुकोजला १०० धरले, तर कॉर्नफ्लेक्स ८० च्या आसपास येतात. त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या अभ्यासात असेही दिसले की, सकाळी सावकाश पचणारे अन्न घेतले तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. सकाळच्या वाटीचा परिणाम असा दुपारपर्यंत पोहोचतो.

यजमानांच्या ओट्सविषयी. ओट्समध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विद्राव्य तंतू असतो, जो आतड्यात बुळबुळीत थर धरतो, साखरेचे शोषण मंदावतो आणि पित्ताम्लांना धरून कोलेस्टेरॉल बाहेर नेतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉल थोडे घटते, हे इतके सिद्ध झाले आहे की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच वेष्टनावर तसे लिहिण्यास मान्यता दिली. परंतु त्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, आणि मसाल्याची एक छोटी पुडी बहुधा चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर असते. शिवाय दोन मिनिटांत होणारे ओट्स बारीक चिरून आधीच वाफवलेले असल्याने त्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक जाड ओट्सपेक्षा बराच वर जातो, आणि मसाल्यातील मीठ रक्तदाब असणाऱ्याला परवडत नाही. यजमानांना ओट्स आवडत असतील तर त्यांनी जाड, साधे ओट्स घ्यावेत, त्यात गाजर, मटार, कांदा घालून घरच्या फोडणीचे उपीट करावे. हाच बीटा-ग्लुकॅन जवातही भरपूर असतो. भाकरीच्या पिठात चौथा हिस्सा जवाचे पीठ मिसळले तर भाकरी थापताना थोडी चिकट लागते, पण मोडत नाही.

आता सासूबाईंच्या दूध-भाकरीकडे येते, कारण या विषयातला सर्वांत समृद्ध भाग इथेच आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा आपला कमी पावसाचा पट्टा ज्वारी-बाजरीचा, आणि पाटण, जावळी, महाबळेश्वरचा डोंगराळ भाग नाचणीचा. पूर्ण धान्याची न्याहारी आपल्याला कोणाकडून उसनी आणावी लागत नाही. कुस्करलेली भाकरी दुधात किंवा ताकात कालवून खाणे म्हणजे पूर्ण धान्य, तंतू आणि दुधाची प्रथिने एकाच वाटीत घेणे होय. रात्रीची भाकरी सकाळी खाल्ली तर थंड झालेल्या पिष्टाचा काही अंश न पचणाऱ्या रूपात बदललेला असतो. हा फायदा लहान आहे, पण आहे. मर्यादा एवढीच की धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला आवश्यक घटक कमी असतो, म्हणून जोडीला दूध, दही, उसळ किंवा अंडे हवेच. भाकरी नुसत्या ठेच्याबरोबर खाल्ली तर ती उणीव तशीच राहते.

नऊ वर्षांचा मुलगा सकाळी साडेसहाला भाकरी चावत बसणार नाही, हेही खरे. त्याच्यासाठी ज्वारीच्या कण्या सुचवते. ज्वारी धुऊन, निथळून पंचावर तासभर पसरावी आणि किंचित ओलसर असतानाच जात्यावर भरडावी. जाते नसेल तर मिक्सरला दोन-तीन झटके पुरतात. चाळल्यावर खाली पडलेले पीठ भाकरीच्या पिठात मिसळावे, वर राहते ती रव्याहून जाड कणी. पूर्वी कोंडा पाखडून टाकत असत, तो टाकू नये, कारण आपल्याला हवा असलेला तंतू त्यातच आहे. उरलेला ओलसरपणा जाईपर्यंत कणी उन्हात वाळवली की डब्यात पंधरा दिवस सहज राहते. संध्याकाळी एक वाटी कणी तीन-चार तास भिजवून, चार वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून रात्रीच कुकरला चार शिट्ट्या कराव्यात आणि गार झाल्यावर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळपर्यंत ती घट्ट बसते; गरम दूध घालून पळीने मोडली की पाच मिनिटांत वाटी तयार होते. त्यात एक चमचा शेंगदाण्याचे कूट आणि दोन खजुरांचे तुकडे घातले तर साखरेची आठवण होत नाही.

कुरकुरीतच हवे असेल, तर ज्वारीच्या लाह्या आहेत. नागपंचमीला आपल्याकडे घरोघरी लाह्या होतात आणि मग वर्षभर त्यांचे नाव निघत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, पण त्याचा कोंडा आणि अंकुर जागेवरच राहतो, आणि साखरेचा एक कणही त्यात नसतो. दुधात त्या खोक्यातल्या सीरिअलइतक्याच छान लागतात. फुललेले धान्य लवकर पचते आणि त्याने साखर झपाट्याने चढते, म्हणून धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाला त्या योग्य. यजमानांना मात्र मी त्या न्याहारी म्हणून देणार नाही.

लोहाबाबत एक सवय मोडावी लागेल. कोंड्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन दोन्ही लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे बाजरीच्या भाकरीबरोबर चहा घेतला तर त्या भाकरीतले बरेचसे लोह वाया जाते. चहा आणि न्याहारी यांत तासाभराचे अंतर ठेवावे, आणि न्याहारीबरोबर पेरू, आवळा किंवा लिंबू पिळलेली उसळ असावी, कारण क जीवनसत्त्वामुळे हेच लोह चांगले शोषले जाते. धान्य आंबवल्याने किंवा मोड आणल्यानेही फायटेट घटते. नाचणीची आंबील आणि मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व यांचे मोल त्यासाठीच आहे. सासूबाईंच्या वयाला आंबील विशेष मानवते, कारण ती चावावी लागत नाही.

मुलाचे सीरिअल उद्यापासून एकदम बंद करू नका. तसे केले तर तो उपाशीपोटी शाळेत जाईल, आणि ते अधिक वाईट. पहिल्या आठवड्यात वाटीत निम्मे नेहमीचे सीरिअल आणि निम्म्या लाह्या घाला, दुधात वरून साखर घालू नका. दुसऱ्या आठवड्यात चारातले तीन हिस्से लाह्या करा. महिन्याअखेरीस खोके रविवारपुरते राहील. नवे खोके घेताना समोरचे 'मल्टीग्रेन' हे शब्द वाचू नका, त्याचा अर्थ अनेक धान्ये एवढाच असतो, पूर्ण धान्य असा नसतो. मागची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर खोके परत ठेवा. १०० ग्रॅममागे तंतू ६ ग्रॅमच्या वर आणि साखर १० ग्रॅमच्या आत असेल, तर ते घरात यायला माझी हरकत नाही.

यजमानांनी घरच्या ग्लुकोमीटरवर एक साधी परीक्षा करावी. एका सकाळी मसाला ओट्स, दुसऱ्या सकाळी जाड ओट्सचे उपीट आणि तिसऱ्या सकाळी ज्वारीची एक भाकरी व वाटीभर मटकीची उसळ खावी. खाण्यापूर्वी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत, आणि त्या तिन्ही दिवशी चालणे सारखे ठेवावे. ज्या सकाळी दोन आकड्यांतला फरक सर्वांत कमी येईल, ती न्याहारी त्यांची. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी, आणि गोळी सुरू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय तिचे प्रमाण बदलू नये.